टाकातली आई

माणसाचा चेहरा बदलायला चष्म्याची एक फ्रेम पुरते. सांगलीत माझं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे हे मी रोज बघते. जाड काळी फ्रेम चढवली की लाजरा मुलगा एकदम मास्तर दिसायला लागतो आणि त्याची आई म्हणते, "अगंबाई, ओळखूच येईना झालाय की!" मग सगळे हसतात. पूर्वी मीही हसायचे. आता कुणी ते वाक्य उच्चारलं की मी ड्रॉवर उघडून उगाच काहीतरी शोधायला लागते.

मी अद्वैतची दुसरी बायको. पहिली, केतकी, काविळीने गेली तेव्हा त्यांची मुलगी मिहिका सहा वर्षांची होती. वर्षभराने आमचं लग्न ठरलं. सासूबाईंना घरात सगळे आक्का म्हणतात. त्यांनी एकच अट घातली, पहिलीच्या नावाचा टाक गळ्यात घालायचा. रिवाज जुना आहे. दुसरेपणावर आलेल्या बाईने, पहिलीची आकृती ठोकलेला सोन्याचा छोटा पत्रा मंगळसूत्रासोबत घालायचा. त्याने गेलेलीचा मान राहतो म्हणे, आणि तिचा जीव घरात घोटाळत नाही.

मी बी.एस्सी. झालेली, दुकान स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. म्हटलं, "आक्का, घरोघरी केर काढायला यंत्रं फिरायला लागली, आणि तुम्ही मला सवत गळ्यात बांधायला सांगताय?"

"यंत्र काय गेलेल्या माणसाचा मान राखतंय व्हय?" आक्का म्हणाल्या. "घाल गप. शोभतंय तुला."

घातला. शोभत होता, खोटं कशाला बोलू?

लग्नाच्या दिवशी आक्कांनी मिहिकाला जवळ ओढलं आणि माझ्या गळ्यातला टाक तिच्या बोटांत दिला. "बघ बाळा, तुझी आई आता ह्यात हाय. ज्या बाईच्या गळ्यात ह्यो टाक, ती तुझी आई. कळलं न्हवं?"

मिहिकाने टाक उलटासुलटा करून निरखला. मान डोलावली. मग वर बघून स्वच्छ आवाजात म्हणाली, "आई."

जमलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. सावत्र आई व्हायची मला आठवडाभर धास्ती होती. मनात म्हटलं, सुटले बाई! इतकं सोपं असतं होय?

आणि मुलगी तरी कशी! रडणं नाही, हट्ट नाही. पाढे तोंडपाठ, अक्षर मोत्यासारखं. जेवण झालं की स्वतःच निजपट्टी कपाळाला बांधायची आणि पाठ टेकताच झोपायची. सकाळपर्यंत कूससुद्धा बदलायची नाही. माझी बहीण तिच्या दोन वांडांना घेऊन आमच्याकडे राहायला आली, की जाताना हटकून म्हणायची, "तुझं नशीबच थोर, जुईली. आयती मिळाली, ती पण अशी."

निजपट्टीबद्दल सांगायला हवं, कारण सगळी कथा तिथेच आहे. धडधाकट मुलांच्याही झोपेच्या तक्रारी असतात. कुणी दचकून उठतं, कुणी झोपेत बडबडतं, कुणाला झोपच लागत नाही. अशा मुलांच्या मेंदूची वाढ इतरांपेक्षा जराशी वेगळ्या चालीने होते, हे शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं होतं. कशामुळे काय होतं, ते मात्र ठरत नव्हतं. झोप मोडते म्हणून मेंदू मागे राहतो, की मेंदूचं काही काम चाललेलं असतं म्हणून झोप मोडते? निजपट्टी बनवणाऱ्यांना पहिलं उत्तर सोयीचं होतं. झोप विकता येते.

लहानपणी मेंदूत गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या असतात. गाढ झोपेत मेंदूभर विजेच्या संथ लाटा फिरतात. त्या काळात वापरातल्या जोडण्या पक्क्या होतात आणि बिनवापराच्या छाटल्या जातात. माझे वडील तासगावचे द्राक्षबागायतदार, तेव्हा छाटणी म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. न छाटलेली वेल नुसती पाल्याने माजते. पण छाटणीला हंगाम असतो. निजपट्टी कपाळावरून त्या लाटा ओळखायची आणि नेमकी लाट चढत असताना कानाशी अगदी बारीक ठोका द्यायची. लाट आणखी उंच व्हायची, झोप आणखी गाढ. दचकणारं मूल दचकायचं थांबायचं, वर्गात पहिलं यायचं. मिहिका तिसऱ्या वर्षी किंचाळत उठायची, घामाने भिजायची, कुणाला ओळखायची नाही. केतकीने पट्टी आणली. तिच्या जागी मी असते तर मीही आणली असती, आणि दुकानदाराशी घासाघीसही केली नसती.

लग्नाला काही महिने झाले असतील. टाकाची कडी झिजली म्हणून मी तो सोनाराकडे टाकला आणि त्या दुपारी घरीच थांबले. मिहिका शाळेतून आली. मी दार उघडलं.

"नमस्कार," ती म्हणाली. "कोण हवंय आपल्याला?"

मला वाटलं, पोर पहिल्यांदाच थट्टा करतेय. आनंदच झाला. "आम्ही मिहिका मॅडमना भेटायला आलोय," मी म्हटलं.

"मीच मिहिका. बसा ना." तिने दप्तर जागेवर ठेवलं, आत जाऊन पेला विसळला आणि माझ्याच घरात मला पाणी आणून दिलं. "आई दुकानात असेल, येईलच. आजी देवळात गेलीय. पंखा लावू का?"

"मिहिका, पुरे आता. दप्तरातला डबा काढ बघू."

ती हसली. "तुमचा आवाज अगदी आईसारखा आहे हां!"

"अगं, मीच आई."

ती माझ्याकडे बघत राहिली. भीती नाही, राग नाही. एखाद्या पाहुण्याने चुकीचा पत्ता सांगावा आणि आपण तो नम्रपणे दुरुस्त करावा, तशी म्हणाली, "नाही हो काकू. तुमच्या गळ्यात टाक नाहीये."

मी पेला खाली ठेवला आणि तशीच बाहेर पडले. संध्याकाळी सोनाराकडून टाक आणला, घातला आणि पुन्हा तिच्यापुढे उभी राहिले. "आई! किती उशीर केलास," ती म्हणाली. "एक काकू येऊन गेल्या. मी पाणी दिलं त्यांना."

आक्का हे ऐकून भिंतीला टेकून खालीच बसल्या. "माझीच जीभ झडली न्हाई ती," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

त्यांची काही चूक नव्हती, हे आम्हाला मिरजेला गेल्यावर कळलं. डॉक्टर अनघा मगदूम मेंदूच्या डॉक्टर. वयाने माझ्याएवढ्याच, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. त्यांनी मिहिकाच्या डोक्याला तारांची टोपी घातली आणि पडद्यावर एकेक फोटो दाखवला. केतकी आली की बाजूच्या आलेखात रेघ उसळायची. अद्वैतला उसळायची, आक्कांना उसळायची. माझा फोटो आला. रेघ सपाट. शाळेतल्या बाईंचा आला, ज्यांच्याकडे ती रोज दिवसभर शिकत होती. सपाट. अनोळखी माणसांचे फोटो आले, तेव्हाही तशीच सपाट.

"डोळे उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "बुद्धी उत्तम आहे. पण नवीन चेहरा आत जात नाही. मेंदूच्या मागच्या भागात पाहण्याचं काम चालतं, आणि लहान वयात गाढ झोपेच्या लाटा तिथेच जोरात असतात. चेहरे ओळखायचा भाग खरं तर पार तरुणपणापर्यंत शिकत राहतो. हिच्या पट्टीने तिथली छाटणी आधीच उरकून टाकली. सात वर्षांच्या आत जेवढे चेहरे होते तेवढे पक्के झाले. नवीन जोडायला फांदीच उरली नाही."

"मग ती मला आई म्हणते ते?"

"तो हिशेब आहे. टाक दिसला की आई. तुम्ही आवाजाची खूण शिकवाल, तर तीही शिकेल. हुशार आहे. पण हिशेब लावणं वेगळं आणि ओळखणं वेगळं."

अद्वैत म्हणाला, "आणि लहानपणी ती दचकून उठायची, तो काय आजार होता?"

डॉक्टरांनी टेबलावरचं पेन सरळ केलं. "आता आम्हाला असं वाटतंय की तो मेंदू छाटणी लांबवत होता. फांदी कोवळी आहे, एवढ्यात कात्री नको, म्हणून झोप मोडत होता. काही वर्षांनी आपोआप थांबलं असतं. आम्ही सगळे त्यालाच आजार समजलो."

"म्हणजे पोरगी धडधाकट होती."

"पूर्ण."

अद्वैत उठून बाहेर गेला. मी काचेतून बघत होते. गाडीच्या टपावर दोन्ही हात ठेवून तो उभा होता, आणि त्याच्या मागोमाग गेलेली मिहिका त्याचा शर्ट धरून शांतपणे शेजारी उभी होती. तिला त्या दिवशी आइस्क्रीम कबूल केलं होतं. ते आम्ही खाल्लंही. चव मात्र काही लागली नाही.

अशी मुलं एकदोन नव्हती, हजारो निघाली. निजपट्टी बंद झाली. पेपरवाल्यांनी त्यांना 'पक्की मुलं' असं नाव दिलं. शाळांनी शिक्षकांना रंगीत ओढण्या दिल्या, हिरवी गणिताची, पिवळी मराठीची. ओढण्यांची अदलाबदल करून वर्गातली वांड मुलं मजा बघायची. मिहिका चिडायची नाही. ती फक्त मराठीच्या बाईंना गणित विचारायची आणि सगळे हसले की आपणही हसायची.

मी टाक उतरवणं बंद केलं. अंघोळीला तो गळ्यात, तापात तो गळ्यात. जो पत्रा मी हसत हसत घातला होता, तो घसरून पदराआड गेला तरी मी झटकन ओढून वर घ्यायचे. केतकीचा मला कधी राग आला नव्हता. आता यायला लागला. मेलेल्या बाईच्या आकृतीमागे उभं राहून तिच्याच मुलीचं जेवणखाण, ताप, वेण्या करायच्या, आणि तिने "आई" म्हणून बघायचं ते त्या पत्र्याकडे! हे मी अद्वैतला एकदा बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "मला कळतं." मी म्हटलं, "तुला डोंबल कळतंय."

पुढे एक औषध आलं. मिहिका तेव्हा बारा वर्षांची होती. डॉक्टर मगदूमांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. औषधाने मेंदूतल्या पक्क्या झालेल्या जोडण्या पुन्हा सैल होत होत्या. काही मुलं नवीन चेहरे शिकायला लागली होती.

"कधी द्यायचं?" मी विचारलं.

"आधी पूर्ण ऐका," त्या म्हणाल्या. "सैल व्हायचं तर सगळंच होतं. नवीन येईल की नाही याची खात्री नाही. जुनं मात्र जातं. केतकीताईंचा चेहरा जाईल, हे मी जवळजवळ नक्की सांगते."

परतताना गाडी सांगलीच्या वेशीशी आली. मग अद्वैत म्हणाला, "तू ठरव."

"मी का? उद्या काही झालं तर सावत्र आईने केलं म्हणायला बरं, असंच ना?"

"तसं नाही गं. केतकी जायला नकोय मला. आणि तू अशी जन्मभर टाकामागे उभी राहायलाही नकोयस. मला नाही ठरवता येत."

घरी मिहिका भेंडी चिरत होती. कुणी सांगितलं नसताना तिने निम्मी चिरून ठेवली होती. मी समोर बसले, दुसरी सुरी घेतली आणि विचारलं, "मिहू, तुझी पहिली आई कशी होती दिसायला?"

तिचा हात थांबला. मग ती बोलायला लागली. खालच्या ओठाच्या डाव्या बाजूला तीळ. हसली की वरचा एक दात जरा पुढे यायचा, म्हणून ती हात धरायची तोंडावर. उन्हात डोळे बारीक केले की कपाळावर एकच आठी पडायची, दोन नाही. केस विंचरताना मान जराशी उजवीकडे. ती सांगत होती आणि तिचा चेहरा असा उजळला होता की मी तो तसा पूर्वी कधी पाहिलाच नव्हता. इतकी वर्षं ती घरात नम्रपणे वावरत होती, आणि ही मुलगी आत राहत होती.

"आणि मी?" मी विचारलं. "मी कशी दिसते?"

तिने माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. मनापासून पाहिलं, डोळे ताणून. तिला मला दुखवायचं नव्हतं हे मला दिसत होतं.

"तुझ्या गळ्यात टाक आहे," ती म्हणाली.

औषध द्यायचं नाही, असं मी ठरवलं. लोक म्हणतात, किती मोठं मन! मोठं बिठं काही नाही. मला भीती वाटली. तो उजळलेला चेहरा मी माझ्या हाताने विझवायचा, आणि एवढं करून तिला मी दिसलेच नाही तर? पुढे ज्यांनी औषध दिलं, त्यांतल्या किती घरांत मुलांनी आईबापांनाच नावं विचारली, ते डॉक्टर मगदूमांनी मला सांगितलं. माझा निर्णय बरोबर ठरला. त्याने मला काडीचंही समाधान मिळालं नाही.

आणि चेहरे बदलायचे थांबत नाहीत, ही गोष्ट आम्ही हिशेबात धरलीच नव्हती. अद्वैतचे केस पिकायला लागले. त्याने रंगवले. मिशी केतकीच्या वेळी होती तशीच कातरून ठेवली. तो वापरायचा ती फ्रेम बंद होणार असं कळलं, तेव्हा मी कंपनीकडून उरलेला सगळा माल उचलला. माझ्या दुकानाच्या माळ्यावर एकाच माणसाच्या आयुष्यभराचे चष्मे पडून आहेत. तरी गाल ओघळायचे ते ओघळलेच. एका सकाळी चहा देताना मिहिका थबकली आणि हळूच म्हणाली, "बाबाच ना?" अद्वैत "हो गं राणी" म्हणाला, चहा प्यायला, आणि त्या दिवशी ऑफिसला गेला नाही.

तिचा स्वतःचाही चेहरा मोठा होत होता. आरशात जी कोण दिसते ती आपणच असणार, हा हिशेब तिला बरोबर जमायचा. ती वेणी घालायची, पावडर लावायची. पण आरशात बघून हसताना मी तिला कधी पाहिलं नाही. परक्या मुलीकडे बघून कुणी कशाला हसेल?

दहावीचा निरोप समारंभ होता. मुलींनी साड्या नेसायच्या ठरवल्या. मिहिकाने केतकीची मोरपंखी साडी मागितली आणि मी ती कपाटातून काढून दिली. मला दुकान उघडायचं होतं म्हणून नेसवायला आक्का बसल्या. जाता जाता दुकानात दाखवून जा, एवढं मी सांगितलं.

चष्म्याच्या दुकानात आरशांना तोटा नसतो. दारासमोरच्या भिंतीवर माझ्याकडे मोठा, माणसाच्या उंचीचा आरसा आहे. मी काउंटरच्या बाहेर, त्या आरशाच्या थोडी अलीकडे उभी राहून एक फ्रेम पुसत होते. काचेचं दार उघडलं. मिहिका आत आली. केस वर बांधलेले, आक्कांनी लावलेली टिकली, खांद्यावर मोरपंखी पदर. रस्त्यावरच्या उन्हातून आल्यामुळे तिने डोळे बारीक केले होते, आणि कपाळावर आठी पडली होती. एकच.

तिने समोर पाहिलं आणि जागीच थांबली. मग तोंडावर हात धरून हसली. आरशातलीही तशीच हसली.

"आई," ती म्हणाली.

मला ती दिवसातून वीसदा आई म्हणते. या आवाजात एकदाही म्हणाली नव्हती. हा आवाज या मुलीला आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. माझा हात आपोआप छातीशी गेला आणि टाक तळव्याखाली झाकला गेला.

ती दोन पावलं पुढे आली. आरशातली बाईही आली. मधे मी होते. मिहिकाने माझ्याकडे पाहिलं, माझ्या गळ्याकडे पाहिलं. तिथे फक्त एक हात होता. इतर वेळी तिने आवाजाची वाट पाहिली असती, दुकान कुणाचं ते आठवलं असतं, हिशेब लावला असता. आज ती त्यासाठी थांबली नाही.

"तो आरसा आहे, कळतंय मला," ती अगदी हळू, समजूतदारपणे म्हणाली. "पण काकू, जरा बाजूला होता का? आई दिसत नाहीये."

हात खाली घेतला असता तर पुरे होतं. टाक दिसला असता आणि ती मला आई म्हणाली असती, रोजच्यासारखी.

मी हात तसाच ठेवला आणि बाजूला झाले.